फोटोरिअलिस्ट पोर्ट्रेट काढून अमेरिकेत भागेल का?

तुम्ही विचारलंय, हात चांगला बसलाय, बघणारे 'अगदी फोटोच' म्हणतात, तर अमेरिकेत यावर पोट भरेल का? मी न्यूयॉर्कमध्ये हेच करतो. भरतं, पण त्या 'अगदी फोटोच'वर नाही.

आधी व्हिसा. चित्रकारांसाठी ओ-१बी आहे, सुरुवातीला जास्तीत जास्त ३ वर्षांचा. आपला अर्ज आपणच करून चालत नाही, इथला एजंट किंवा काम देणारा लागतो. पुरस्कार, छापील परीक्षणं, नावाजलेल्या ठिकाणची प्रदर्शनं असा पुरावा द्यावा लागतो. तेव्हा कात्रणं आत्तापासून जपा, फॉलोअर्सवर भिस्त नको.

खरी मेख फोटोत आहे. गायक प्रिन्सचा १९८१ मधला एक फोटो, त्यावरून अँडी वॉरहॉल या जगप्रसिद्ध अमेरिकन चित्रकाराने केलेली चित्रं. त्यातलं एक पुढे वॉरहॉल फाउंडेशनने मासिकाला छापायला दिलं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मूळ फोटो काढणाऱ्या लिन गोल्डस्मिथच्या बाजूने निकाल दिला. वॉरहॉलची ही गत, तर आपण कोण! फोटो स्वतः काढा, नाहीतर लेखी परवानगी घ्या.

स्वतः काढण्याचं आणखी एक कारण आहे. सुरुवातीला एका बाईंनी मोबाइलवरचा सेल्फी पाठवला. मी दोन महिने खपून पापणीन् पापणी उतरवली. मुलगी बघून म्हणाली, "आईचं नाक एवढं मोठं कुठंय?" हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे जातात. ते मी इमानेइतबारे रंगवलं होतं! आता लांबून चेहरा टिपणारी ८५ एमएमची लेन्स लावून चार पावलं मागे उभा राहतो, आणि निम्मे पैसे आगाऊ घेतो.

फोटोवरून भलेमोठे चेहरे रंगवणारा अमेरिकन चित्रकार चक क्लोज, त्याचं १९६७-६८ चं मोठं सेल्फ-पोर्ट्रेट मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरच्या संग्रहात आहे, जमलं तर बघा. चेहरा लख्ख, कान नि मागचे केस धूसर. कॅमेऱ्याची खोड त्याने जाणूनबुजून ठेवली, माझ्यासारखी नकळत नाही.

इथे स्थिरावलात की वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची आउटविन ही पोर्ट्रेट स्पर्धा आहे. ती दर ३ वर्षांनी होते आणि अमेरिकेत काम करणाऱ्यांनाच खुली असते.

पोर्टफोलिओ पाठवा, बघतो. त्यात नेटवरून घेतलेल्या फोटोंवरचे सिनेनट असतील तर ते मात्र आधी काढून टाका.