व्हीसीव्ही रॅकमध्ये थ्रेशोल्डनुसार सीव्ही दोन वाटांनी कसा वळवायचा?

व्हीसीव्ही रॅक हे संगणकावरचं मॉड्युलर सिंथेसायझर आहे, सीव्ही म्हणजे त्यातल्या मॉड्युलांना हुकूम देणारं व्होल्टेज आणि थ्रेशोल्ड म्हणजे ठरवलेली पातळी. तुमच्या प्रश्नात दोन कामं आहेत. सिक्वेन्सरचा (सुरांची मालिका ओळीने पाठवणाऱ्या मॉड्युलचा) सूर मधला सी (C) या सुराच्या वर असेल तर तो लीड या वरच्या आवाजाकडे जावा आणि खाली असेल तर बेसकडे. शिवाय ढोलकीच्या लूपमधून काढलेला एन्व्हलप (आवाजाच्या जोराचा चढउतार दाखवणारं व्होल्टेज) ठराविक पातळीच्या वर गेला की लूप रिव्हर्बमध्ये जावा. तुम्ही सिक्वेन्शियल स्विच लावून पाहिलात, पण तो भलतीकडेच वळतो आणि गेट (चालू-बंद सांगणारं व्होल्टेज) थरथरतं.

स्विच बिघडलेला नाही. तो पातळी बघतच नाही. क्लॉकच्या इनपुटवर व्होल्टेज खालून वर गेलं की एक पायरी पुढे सरकायचं, एवढंच त्याचं काम. व्होल्टेज खाली उतरलं तरी तो मागे येत नाही, पुढच्या चढावाची वाट बघत तिथेच थांबतो. तुम्हाला हवा आहे तो कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारा, आणि फंडामेंटल संचातलं कंपेअर हे फुकट मॉड्युल त्यासाठी पुरेसं आहे. त्याच्या 'ए' इनपुटला तुमचा सिग्नल द्या आणि 'बी'च्या नॉबवर थ्रेशोल्ड ठेवा. नॉबवर राइट क्लिक केलं की आकडा टाइप करता येतो. माउसने फिरवत बसू नका. सिग्नल थ्रेशोल्डच्या वर असेपर्यंत 'ए > बी' हे आउटपुट १० व्होल्ट देतं, खाली असताना 'ए < बी' देतं.

इथून पुढे एक गोष्ट मनाशी पक्की धरा: निर्णय घेणं वेगळं आणि सिग्नल वाहून नेणं वेगळं. कंपेअर फक्त निर्णय देतो. तो निर्णय कशावर लावायचा हे ऑडिओ आहे, गेट आहे की सूर, यावर ठरतं. बहुतेक पॅच (मॉड्युलांच्या जोडण्या) इथेच फसतात, कारण या तिन्हींना एकाच पद्धतीने वळवायला बघितलं जातं.

आधी ढोलकी. थरथरीचं कारण असं की एन्व्हलप कधीच गुळगुळीत नसतो. तो थ्रेशोल्डच्या आसपास आला की बारीक चढउतारांमुळे तीच रेषा पुन्हा पुन्हा ओलांडतो, आणि कंपेअर प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे ० आणि १० व्होल्टच्या मध्ये उड्या मारतो. उपाय जुना आहे. ऑटो श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात, स्क्विडच्या मज्जातंतूंवर काम करत असताना, असं सर्किट बांधलं की ज्याचा चालू होण्याचा थ्रेशोल्ड वर असतो आणि बंद होण्याचा खाली. या अंतरालाच हिस्टेरेसिस म्हणतात. पाण्याच्या टाकीवरचा ऑटोमॅटिक पंप असाच चालतो: टाकी बरीच उतरल्यावर सुरू होतो, भरल्यावर बंद होतो, मधल्या पातळीला काहीच करत नाही. रॅकमधली मॉड्युलं ट्रिगर ओळखतात तीही श्मिटच्याच पद्धतीने, पण तुमच्या थरथरीत त्याचा उपयोग नाही. त्यांच्यापर्यंत पोचतात त्या पूर्ण १० व्होल्टच्या उड्या. बंदोबस्त कंपेअरपाशीच करायला हवा.

तो असा करा. 'ए > बी' मधून एक केबल एटव्हर्ट (8vert) या सिग्नल कमी किंवा उलटा करणाऱ्या मॉड्युलच्या एका ओळीत न्या, तिचा नॉब उणे ५ टक्क्यांवर ठेवा आणि ते आउटपुट परत कंपेअरच्या बी इनपुटला जोडा. नॉबवर १ व्होल्ट असेल तर गेट चालू होताच बीमध्ये उणे ०.५ व्होल्ट मिसळतात आणि थ्रेशोल्ड आपोआप ०.५ वर उतरतो. म्हणजे चालू व्हायला १, बंद व्हायला ०.५. हे अंतर थरथरीपेक्षा थोडंसंच मोठं ठेवा. फार वाढवलंत तर दोन थापांमध्ये गेट बंदच होणार नाही.

रिव्हर्बसाठी खरं तर दोन वाटा लागतच नाहीत. मूळ ढोलकी सतत वाजू द्या. तिचीच दुसरी केबल व्हीसीएमधून (व्होल्टेजनुसार सिग्नल कमीजास्त करणाऱ्या मॉड्युलमधून) रिव्हर्बला द्या आणि व्हीसीएला हे गेट लावा. गेट आधी प्रोसेस मॉड्युलच्या स्लूमधून (व्होल्टेजची उडी संथ करणाऱ्या भागातून) न्या, ५ मिलिसेकंद पुरतात, म्हणजे 'टक्' असा आवाज येणार नाही. आणि व्हीसीए रिव्हर्बच्या आधी हवा. नंतर लावलात तर गेट बंद होताच रिव्हर्बचं शेपूट कापलं जाईल, आणि ढोलकीची जोरदार थाप ज्या घुमण्यासाठी तुम्ही वेगळी काढताय तेच हातचं जाईल.

आता सूर. हे काम जास्त नाजूक आहे आणि मला ते जास्त आवडतं.

सुराचा सीव्ही व्हीसीएमधून अजिबात नेऊ नका. रॅकमध्ये एका सप्तकाला १ व्होल्ट आणि ० व्होल्ट म्हणजे मधला सी, २६१.६ हर्ट्झ. त्यामुळे व्हीसीए बंद झाला की तो आवाज शांत होत नाही, त्याचा सूर मधल्या सीवर जाऊन बसतो. त्याऐवजी सूर दोन्ही आवाजांना सारखाच द्या आणि वाटून द्या फक्त गेट. सिक्वेन्सरचं गेट आणि 'ए > बी' लॉजिक मॉड्युलच्या अँडमधून (दोन्ही चालू असतील तरच चालू होणाऱ्या आउटपुटमधून) काढलं की लीडचं गेट मिळतं. दुसऱ्या लॉजिकमध्ये तेच गेट आणि 'ए < बी' मिळून बेसचं.

थ्रेशोल्ड बरोबर ० वर ठेवू नका. तिथे खुद्द सी हा सूर काठावर पडतो. 'वर' नाही आणि 'खाली'ही नाही, म्हणून तो वाजणारच नाही. एक सेमीटोन म्हणजे १/१२ व्होल्ट, साधारण ०.०८३. त्याच्या निम्मं खाली उतरा, म्हणजे उणे ०.०४२. आता सी नक्की लीडकडे जाईल आणि त्याखालचा बी हा सूर नक्की बेसकडे. वरची हिस्टेरेसिसची जोडणी इथे नको. सिक्वेन्सरचे सूर पायऱ्यांनी बदलतात, थरथरत नाहीत, आणि अर्ध्या व्होल्टचं अंतर म्हणजे सहा सेमीटोनांचा घोळ.

तरीही कधीकधी बेसच्या सुरावर लीड हलकेच टिचकी मारल्यासारखा वाजेल. रॅकमध्ये प्रत्येक केबल एका सॅम्पलचा (डिजिटल आवाजाच्या एका मोजमापाइतका) उशीर लावते. सिक्वेन्सरचं गेट एका केबलने लॉजिकपाशी पोचतं. सुरावरचा निर्णय मात्र कंपेअरमधून दोन केबलींनी येतो, म्हणून त्या एका सॅम्पलपुरता जुनाच निर्णय लागू असतो. ४४,१०० हर्ट्झला हा काळ सुमारे ०.०२३ मिलिसेकंद आहे, पण एन्व्हलप सुरू व्हायला तेवढंही पुरतं. गेटला मुद्दाम एका मल्ट मॉड्युलमधून (सिग्नलच्या जशाच्या तशा प्रती देणाऱ्या) फिरवून आणा. दोन्ही बाजूंच्या केबली सारख्या झाल्या की टिचकी जाते.

आणखी एक त्रास बेसचा रिलीज (गेट बंद झाल्यावर विरण्याचा काळ) लांब असेल तर कानाला लगेच कळेल. बेस विरत असताना लीडचा सूर आला की विरणारा बेसही त्या सुरावर उडी मारतो, कारण सूर दोघांना एकच आहे. प्रत्येक आवाजाच्या ऑसिलेटरआधी सॅम्पल अँड होल्ड (गेट येताच सूर पकडून ठेवणारा) ठेवा आणि त्याला त्याच आवाजाचं वाटून आलेलं गेट द्या. प्रोसेसमध्ये तीही सोय आहे. गेट सुरापेक्षा उशिरा पोचत असल्याने पकडलेला सूर नेहमी ताजाच असतो.

कीबोर्डवरून कॉर्ड वाजवणार असाल तरी हाच पॅच चालेल. एका केबलमध्ये १६ पर्यंत चॅनेल जातात आणि कंपेअर व लॉजिक दोन्ही प्रत्येक चॅनेलचा निर्णय स्वतंत्र घेतात. डाव्या हाताचे सूर बेसकडे आणि उजव्या हाताचे लीडकडे आपोआप वेगळे होतात.

जोडणी झाली की स्कोपच्या दोन चॅनेलला लीड आणि बेसची गेटं लावून बघा. एक सुरू होताना दुसरंही क्षणभर वर उडालेलं दिसलं तर आधी केबली मोजा.