जेवणाच्या टेबलावरचा अबोला

"लेक कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी जेवताना तिचे बाबा म्हणाले, 'इथे अमेरिकेत कुठे आलीय जात?' ती 'बाबा, दॅट्स वॉयलन्स' म्हणत ताटावरून उठली. तीन आठवडे दोघं बोलत नाहीत. मी कोणाला समजावू?" – फ्रीमाँटहून एक आई

ताई, दोघांपैकी कोणालाही "हा विषय पुन्हा काढू नका" असं सांगितलं असेल, तर आधी ते मागे घ्या.

लेक उगाच बोलत नाहीये. तिच्या विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा स्पष्ट उल्लेख केला. २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तशाच आशयाचं विधेयक मंजूर केलं आणि गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो वापरून ते रोखलं. त्या वादात भारतीय वंशाची माणसं दोन्ही बाजूंना होती. बाबांनी तिला एवढंच विचारावं, "तू काय पाहिलंस? कोणी काय सांगितलं?" आडनाव कळल्यावर समोरच्याचा सूर बदलतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतं.

पण "वॉयलन्स" हा शब्द मला मान्य नाही. जातीवरून खोली नाकारणं, बढती अडवणं ही कृती आहे. तिला आळा घालायलाच हवा. "इथे जात नाही" हे मत आहे, माझ्या मते चुकीचं, पण मतच. सरकारी विद्यापीठात अशा मताला अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं, संरक्षण आहे. तिने निषेधाचा फलक हाती घेतला, तर त्यालाही तेच संरक्षण आहे.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना १९३६ च्या अधिवेशनात अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. मंडळ सुधारकांचंच, पण मजकूर आधी वाचून ते बिचकले, काही भाग गाळायला सांगू लागले. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामही बदलणार नाही. ते भाषण झालंच नाही; त्यांनी ते 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वतः छापलं. जातीविरुद्धचा एवढा मोठा विचार गप्प करू पाहणारे लोक स्वतःला न्यायाच्याच बाजूचे समजत होते, हे लेकीला सांगा. आणि बाबांना ते भाषण वाचायला द्या. मूळ इंग्रजीतच आहे, दोघं मिळून वाचू शकतील. रोज दोन पानं, न पटेल तिथे पेन्सिलीची खूण.

आणि ताई, तुमचं स्वतःचं मत पत्रात कुठेच नाही. या रविवारी तेही टेबलावर येऊ द्या.