घाटात पॅडल खाली गेलं, थंड झाल्यावर परत आलं : ब्रेक ऑइल खरंच बदललंय का ते बघा

ओतूरकडून मालशेज घाट उतरताना तुमच्या गाडीचं ब्रेक पॅडल मऊ झालं, मग पार तळाला टेकलं, अर्धा तास थांबल्यावर जसंच्या तसं परत आलं, आणि आता ऐरोलीचा गॅरेजवाला म्हणतोय ‘काही दोष नाही’. तुमचं हे वाचून अंगावर काटा आला. चार वर्षांपूर्वी त्याच घाटात माझ्या कॅम्परचं (आत बेड, फ्रिज बसवलेल्या व्हॅनचं) अगदी हेच झालं होतं, मागच्या बेडवर आई झोपलेली असताना.

पॅडल कडक राहून गाडी थांबत नसेल तर पॅड किंवा लायनर तापलेले असतात. पॅडलच खाली जातं तेव्हा बहुतेक वेळा ऑइल उकळून नळीत वाफ झालेली असते; वाफ दबते, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक ग्रेड) निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. ‘गाडी फक्त सहा हजार चाललीय’ असं तुम्ही लिहिलंय, त्याला इथे अर्थ नाही. ठाण्याच्या दमट हवेत सोसायटीत उभ्या गाडीचं ऑइलही पाणी ओढतच असतं.

माझी चूक एकच. मी बिलावर विश्वास ठेवला. घोडबंदर रोडवरच्या एका वर्कशॉपने (नाव लिहीत नाही) ‘ब्रेक ऑइल बदलले’ असं लिहून दिलं. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत पाहिलं तर सोनेरी, स्वच्छ ऑइल. मी समाधानाने घरी आलो. त्यांनी फक्त वरच्या डबीतलं ऑइल ओढून नवं भरलं होतं. नळ्यांत आणि कॅलिपरमध्ये (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) जुनंच होतं, आणि उकळतं ते तिथलंच.

घाटातून सुखरूप आल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. थंड ब्रेकवर सपाट सर्व्हिस रोडला एक फेरी मारून ‘पॅडल ओके’ म्हणाले. तक्रार विभागाला तीन वेळा लिहिलं. उत्तर आलं की चालकाने ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला. मी पूर्ण उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो होतो! तापल्यावरच दिसणारा दोष थंड गाडीत शोधायचा आणि सापडला नाही की चालकाला दोष द्यायचा, याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी कळंबोलीला ट्रकची कामं करणाऱ्या एका जुन्या मेकॅनिकने माझ्यासमोर पुढच्या चाकाचं निपल (ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) सैल केलं. पारदर्शक नळीतून बाटलीत आलं ते काळ्या चहासारखं. वर डबीत सोनेरी, खाली हे.

म्हणून काम चालू असताना समोर उभे राहा. ऑइल सीलबंद बाटलीतलंच, डबीवर लिहिलंय त्याच ग्रेडचं. डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं आणि डॉट ५.१ पेक्षा वेगळं. चारही चाकांच्या निपलमधून स्वच्छ ऑइल येईपर्यंत सोडायला लावा, मध्ये डबी रिकामी होऊ देऊ नका. क्रम गाडीच्या पुस्तकात असतो. क्लच हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) असेल तर त्याचंही ऑइल बदलून घ्या.

आणखी एक, ज्यात माझा अर्धा दिवस गेला. बऱ्याच व्हॅनना मागच्या अ‍ॅक्सलवर वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागची चाकं लटकत ठेवून ऑइल सोडलं, नळीतली हवा काढली तर त्याला गाडी रिकामी वाटते, तो दाब कमी करतो आणि मागचं ऑइल नीट सुटत नाही. वजन चाकांवरच राहू द्या. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागू शकतो, ते काम घरी करू नका.

मी मेकॅनिक नाही, गाडीगणिक फरक पडेल. थंड गाडीत पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू बसत असेल तर मास्टर सिलिंडरचे (पॅडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) रबर गेले असतील, ते वेगळं दुखणं. पण कंपनी दोन वर्षं म्हणत असली तरी घाटात जाणाऱ्या कॅम्परचं ऑइल दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदलावं, असं माझं ठाम मत आहे. बेड, फ्रिज, शंभर लिटरची टाकी, हे सगळं वजन उतारावर त्याच चार चाकांनी अडवायचं असतं.

ऑइल पूर्ण बदलेपर्यंत मालशेज, कसारा दोन्ही नकोत. पुढच्या चाकातून निघालेल्या ऑइलचा बाटलीतला फोटो टाका, रंग बघून सांगतो.