आवडायची, की उरायची?

मनू,

मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुला देवनागरी सावकाश का होईना, वाचता येतं. एका बैठकीत संपवायची घाई नाही, अडेल तिथे मला विचार.

रविवारी सर्वपित्री अमावास्या झाली. मी दरवर्षीसारखं एक पान वेगळं वाढलं. तांदळाची खीर, उडदाचे वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, भातावर वरण आणि तूप. ते अक्काचं पान. बाल्कनीच्या कठड्यावर ते ठेवून आपण कावळ्याची वाट बघत होतो, तेव्हा तू विचारलंस, "यातलं अक्काला काय आवडायचं?" मी पटकन म्हणाले, "यातलं काही नाही गं, तिला खरवड आवडायची." मग खरवड म्हणजे काय ते सांगणं आलं. दूध किंवा खीर आटताना पातेल्याच्या बुडाला जे धरतं, ते खरवडून काढायचं. तू जरा वेळ गप्प बसलीस आणि म्हणालीस, "तिला ती आवडायची, की तेवढीच उरायची?"

तुझ्या विचारण्यात खोच नव्हती, हे मला कळतं. मी मात्र "जेवून घे आता" म्हणून उठले. तुला वाटलं असेल, आई रागावली. रागावले नव्हते. उत्तर येत नव्हतं.

अक्का म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण, माझी सख्खी आत्या. पण आत्या तिला आम्ही कुणी म्हटलं नाही. आजोबा आणि बंडूकाका अक्का म्हणायचे, म्हणून आम्ही पोरंही अक्काच म्हणायचो. ती १९३६ ची. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि १९५७ मध्ये नवरा गेला. दोन वर्षांच्या संसारानंतर ती एक ट्रंक घेऊन वाईला मधल्या आळीतल्या वाड्यात परत आली, ती कायमचीच. ती ट्रंक तू पाहिली आहेस, बंडूकाकांकडे माळ्यावर हिरवी आहे ती.

तिला नर्सिंग शिकायला पुण्याला जायचं होतं. फॉर्मसुद्धा आणला होता म्हणतात. पण त्याच सुमाराला मोठ्या आईची, म्हणजे माझ्या आजीची, तब्येत ढासळत गेली आणि "अक्का स्वतःच नको म्हणाली". हे वाक्य मी लहानपणापासून घरात इतक्या जणांच्या तोंडून, इतक्या सारख्या शब्दांत ऐकलं आहे की आता ते मला पाठ केल्यासारखं वाटतं. ती खरंच नको म्हणाली असेल. कदाचित तिला कुणी विचारलंच नसेल. ज्यांना नक्की माहीत होतं ते सगळे आज फोटोत आहेत.

पुढे मोठ्या आईला अर्धांगवायू झाला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला, त्या वेळी बंडूकाका सतरा वर्षांचे होते. ते सांगतात, वाडा कडकड वाजायला लागला तसे सगळे अंगणात पळाले, आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की मोठी आई आतच आहे. तेवढ्यात अक्का दिंडी दरवाजातून आली, मोठ्या आईला पाठीवर घेऊन, तिचे दोन्ही हात स्वतःच्या गळ्याभोवती पदराने बांधून. तिला ओट्याखाली ठेवलं आणि परत आत गेली. का, तर थंडी होती आणि गोधडी आत राहिली होती.

ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जायची. अक्का तिथेच कुठेतरी वाढत असायची. कुणी "काय गं अक्का, खरं ना?" म्हटलं की ती म्हणायची, "भात घेतोस का अजून?"

मी जे डोळ्यांनी पाहिलं ते नानांचं. नाना म्हणजे माझे आजोबा. १९८३ मध्ये न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला आणि त्यानंतर चार वर्षं ते माजघरातल्या पलंगावरच होते. मी सात वर्षांची होते ती अकरा वर्षांची होईपर्यंत, म्हणजे शेवटी अगदी तुझ्याएवढी. नानांना कुशीवर वळवायचं कसं, ते अक्काने मला दाखवलं होतं. त्यांच्या कमरेखाली जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची चौघडी कायम घातलेली असायची. आधी पलीकडचा गुडघा दुमडून घ्यायचा. मग लुगड्याची पलीकडची कड दोन्ही हातांनी धरून ओढायची, माणूस ओढायचा नाही. माणूस आपोआप वळतो. वळला की पाठीशी उशी लावायची, ते माझं काम. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक लहान उशी, तेही माझं काम. दिवसा दर दोन तासांनी, आणि रात्री ती गजर न लावता उठायची. चार वर्षांत नानांच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर यायचे, पाठ बघायचे, आणि काही न बोलता अक्काकडे बघायचे.

आणखी एक होतं. ती सांगितल्याशिवाय त्यांना हात लावत नसे. "नाना, आता डावीकडे वळवते हं." शेवटी शेवटी त्यांना ऐकूही येत नव्हतं, तरी सांगायची. भरवतानाही मऊ भाताचा चमचा ओठांपाशी नेऊन थांबायची. "तोंड त्यांनी उघडायचं. आपण कोंबायचं नाही," मला म्हणायची. एकेका जेवणाला तास जायचा. तुला लहानपणी ताप आला की मी चमचा धरून थांबायचे आणि तू चिडायचीस, ते थांबणं तिचं आहे.

तू मागे एकदा विचारलं होतंस, अक्काला याचे पैसे मिळायचे का. आपल्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडे पोलंडहून आलेली बाई राहते, तिला पगार असतो, रविवारी सुट्टी असते, हे तू बघतेस. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेचा विमाच आहे. घरातल्याच माणसाने आपल्या आजारी माणसाचं केलं तरी दरमहा फ्लेगेगेल्ड, म्हणजे शुश्रूषेचा भत्ता, येतं, आणि आठवड्याचे निदान दहा तास त्यात जात असतील तर करणाऱ्याच्या पेन्शनमध्येही त्याची भर पडते. स्टुटगार्टला आल्यावर हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी मनातल्या मनात अक्काचे तास मोजायला लागले होते. मग मलाच कसंतरी झालं. आईच्या दुधाचा हिशोब मांडावा तसं. म्हणून तू विचारलंस तेव्हा मी तुला म्हटलं, "आपल्याकडे घरच्या माणसाला पैसे नसतात द्यायचे." ते मी खोटं सांगितलं नाही. पण अर्धंच सांगितलं.

उरलेलं अर्धं आज सांगते. तू आता अकराची आहेस, कळेल तुला.

१९८७ मध्ये नाना गेले. कायद्याने त्यांच्या मिळकतीत मुलींचाही हिस्सा होता, तो १९५६ पासूनच होता. पण आमच्याकडे, आणि आमच्याकडेच असं नाही, महाराष्ट्रात घरोघरी, बहिणी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देतात. म्हणजे माझा हिस्सा मला नको, असं सरकारी कागदावर लिहून द्यायचं. अक्काने दिलं. मला तो दिवस आठवतो, कारण ती ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसली होती आणि मला वाटलं होतं आपण कुठेतरी समारंभाला चाललो आहोत. कचेरीत तिने सावकाश, शाळेत शिकवतात तशी वळणदार सही केली. अंगठ्याचा ठसा दिला. मग पदराच्या टोकाने अंगठ्याची शाई पुसत बसली, बराच वेळ. घरी आल्यावर त्याच साडीवर पदर खोचून तिने पुरण वाटलं, कारण सगळे जमले होते.

वाडा १९९४ मध्ये विकला. माझ्या पुण्याच्या कॉलेजची आणि हॉस्टेलची फी त्यातून गेली. त्या शिक्षणावर मी इथे आले, बाबा भेटला, तू झालीस. ही साखळी मी आजवर कुणापुढे बोललेली नाही. आजोबांपुढेही नाही. ते वाईट नव्हते गं. त्यांनी अक्काला कधी दुखावलं नाही, शेवटपर्यंत सांभाळलं. घरात तिचा शब्द मोडत नसत. पण "आम्ही अक्काला सांभाळलं" असं जेव्हा ते म्हणायचे ना, तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हलायचं, आणि मी गप्प बसायचे.

अक्का २००३ च्या फेब्रुवारीत गेली. मला इथे येऊन जेमतेम सहा महिने झाले होते, तिकिटाचे पैसे नव्हते आणि रजाही नव्हती. आजोबा फोनवर म्हणाले, "फक्त चार दिवस आजारी होती. कुणाला काही करायला लावलं नाही." सगळे तेच म्हणत होते, कौतुकाने, रडत. भाग्यवान, कुणाला त्रास न देता गेली. मीही तेच म्हणाले. जिने तीस वर्षं दुसऱ्यांना कुशीवर वळवलं, तिला एकदाही कुणी वळवलं नाही, आणि आम्हाला त्यात तिचं भाग्य दिसलं. रविवारी तुझा प्रश्न ऐकला आणि मला तो फोन आठवला.

म्हणून मी पान वाढते का? मलाही नीट सांगता येत नाही. आईकडे सर्वपित्रीला सगळ्यांसाठी मिळून एकच पान असायचं. अक्काचं वेगळं पान ही रीत माझीच, इथे आल्यावर सुरू केलेली. ती कायम शेवटी जेवायची, सगळं आवरून, भिंतीला टेकून, ताट मांडीवर घेऊन. म्हणून तिचं पान मी आधी वाढते. चिमूटभर मीठ, मग चटणी, उजवीकडे भाजी, सगळं जागच्या जागी. माणूस गेल्यावर हे करणं सोपं आहे, हे मला कळतं. शिवाय ती सगळी इतरांच्या आवडीची यादी पाठ ठेवायची. बंडूकाकांना खिरीत वेलची चालत नाही, आजोबांना कारलं तळून हवं, मला आमटीतली कोथिंबीर नको. आणि मी तिच्या पानात वर्षानुवर्षं जे पानात वाढतात तेच वाढत आले. तू मोठी झाल्यावर हे करावंस असं मी म्हणणार नाही. तुला कावळ्याची गंमत वाटते तोवर माझ्याबरोबर बाल्कनीत उभी राहा, नाही वाटली तर नको. मी वाईट वाटून घेणार नाही. थोडं वाटेल, पण ते तुझ्यावर नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला हवं होतं, म्हणून काल बंडूकाकांना फोन केला. म्हटलं, अक्काला काय आवडायचं? ते लगेच म्हणाले, "खरवड." मी म्हटलं, ते सोडून. त्यावर ते इतका वेळ बोलले नाहीत की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "चहा कडक लागायचा तिला." पुन्हा थांबले. "घाटावर पाण्यात पाय सोडून बसायची संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी." आणि मग, "एसटीत खिडकी लागायची बघ तिला. खिडकी कुणाला द्यायची नाही."

ते म्हणाले आणि मला धाडकन आठवलं. नानांची काही औषधं साताऱ्याहून आणावी लागायची. महिन्यातून एकदा अक्का वाई-सातारा एसटीने जायची, आणि सुट्टी असली की मला बरोबर न्यायची. त्या दिवशी शेजारच्या काकू नानांपाशी बसायच्या. गाडी लागली की अक्का, जी एरवी कुठेही पुढे घुसायची नाही, ती पहिल्यांदा चढायची आणि खिडकी धरायची. मी आठ-नऊ वर्षांची. मला खिडकी हवी असायची. घरात मी मागितलेली एकही गोष्ट तिने मला नाकारलेली मला आठवत नाही. स्वतःच्या वाटणीचा आंबा द्यायची, पांघरूण द्यायची. खिडकी दिली नाही. "नाही," म्हणाली, एवढंच. मी रडले, तिचा दंड ओढला, शेवटी तोंड फुगवून पाचवड येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नसावं. तिने गज धरला होता, पदर डोक्यावरून खाली आला होता, वाऱ्याने केस कपाळावर येत होते आणि ते ती मागे सारत नव्हती. दोन्ही बाजूंना ऊस होता, हळदीची शेतं होती, आणि ती बाहेर बघत होती.

तुझी,
आई