पार्ट-टाइम रेस ड्रायव्हर: एका आईच्या पत्राला उत्तर

पत्र थोडक्यात असं:

"आम्ही बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलिनात, शार्लटजवळ कॉनकॉर्डला राहतो. मुलगा सतरा वर्षांचा, जन्म इथलाच. बाराव्या वर्षी लेजंड्स नावाची छोटी रेस गाडी चालवायला लागला, गेल्या वर्षापासून लेट मॉडेल या त्याहून मोठ्या गाडीच्या रेस करतो. शाळेचं हे शेवटचं वर्ष. एका लहान टीमने पुढच्या मोसमात आर्का या नॅस्कारच्या खालच्या पायरीवरच्या मालिकेतल्या सहा रेस देऊ केल्या आहेत, पण पैसे आम्ही भरायचे. कॉलेजसाठी 529 खात्यात जे साठवलंय, ते जवळजवळ सगळं त्यात जाईल. मुलगा म्हणतो कॉलेज नंतरही होईल, आधी पार्ट-टाइम ड्रायव्हर म्हणून पाय रोवतो. त्याच्या बाबांना वाटतं, संधी दारात आली आहे तर सोडू नये. मला रात्र रात्र झोप नाही. हे करिअर असतं का?"

नमस्कार ताई,

पार्ट-टाइम ड्रायव्हर भरपूर आहेत, आणि त्यातले कित्येक आयुष्यभर समाधानाने गाडी चालवतात. मात्र त्यांचं घर रेसवर चालत नाही. ते दुसरं एखादं काम करतात आणि त्या कामाच्या जोरावर रेस करतात. म्हणून तुमच्या मुलाला हा रस्ता धरायचा असेल, तर आधी ते दुसरं काम उभं राहायला हवं. 529 मधले पैसे हे त्या कामाचं भांडवल आहे. त्याला हात लावू नका. बाकीचं सगळं यानंतर बोलू.

एक व्यवहाराची गोष्ट आधीच सांगते. ते पैसे शिक्षणाऐवजी रेसिंगला काढले तर त्यातल्या वाढीच्या भागावर इन्कम टॅक्स लागेल आणि वर 10 टक्के दंड. म्हणजे रेसच्या आधीच खिसा हलका.

नोकरीत तास कमी केले तर पगार कमी होतो, पण येतो. स्टॉक कार रेसिंगमध्ये, म्हणजे रोजच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या रेसमध्ये, खालच्या पायऱ्यांवर पैशांची दिशाच उलटी असते. ड्रायव्हर पैसे घेऊन येतो, टीम त्याला गाडी देते. ते पैसे वडिलांचे असतील, मामाचे असतील किंवा स्पॉन्सरचे. नॅस्कार ही अशा रेस भरवणारी संस्था. तिच्या सर्वांत वरच्या कप मालिकेत फेब्रुवारी ते नोव्हेंबर 36 गुणांच्या रेस होतात. 2016 पासून तिथे चार्टरची पद्धत आहे. 36 गाड्यांना प्रत्येक रेसमध्ये हक्काची जागा आणि उत्पन्नाचा मोठा वाटा मिळतो. एका रेसमध्ये सहसा जास्तीत जास्त 40 गाड्या, म्हणजे बाहेरच्यांसाठी उरल्या चार जागा. वर्षातून मोजक्या रेस करणाऱ्या टीम या चार जागांसाठी झगडतात, आणि त्यांना मिळणारी रक्कम चार्टरवाल्यांच्या तुलनेत फारच तुटपुंजी असते. हे वरच्या मजल्याचं झालं. आर्का त्याच्या कितीतरी खाली आहे. तिथे बक्षिसाच्या पैशांतून खर्च निघेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

तुमच्या यजमानांच्या मनात कदाचित ट्रेव्हर बेन असेल. शार्लटच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येक रेसवेड्या घरात ती गोष्ट सांगितली जाते, आणि ती खरीही आहे. 2011 च्या फेब्रुवारीत, विसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, कप मालिकेतल्या आपल्या अवघ्या दुसऱ्या रेसमध्ये त्याने डेटोना 500 जिंकली. त्याची वुड ब्रदर्स टीम तेव्हा पूर्ण मोसम धावतही नव्हती. पण गोष्ट तिथे थांबवू नका, पुढची वर्षंही बघा. त्याला कप मालिकेत पूर्ण वेळची गाडी मिळायला 2015 उजाडलं, 2018 नंतर ती जागा गेली, आणि त्याने कॉफीचा व्यवसाय सुरू केला. 2022 मध्ये तो पुन्हा मोजक्या रेससाठी गाडीत बसला, आणि चांगला चालवत होता. स्टॉक कारची सगळ्यांत मोठी रेस जिंकलेल्या माणसालाही दुसरं काम उभं करावं लागलं. यात त्याची काहीच कमतरता नव्हती, या धंद्याची रचनाच अशी आहे.

आता दुसरीकडे बघा. विन्स्टन-सेलमला बोमन ग्रे स्टेडियम आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा ट्रॅक, 1949 पासून नॅस्कारच्या रेस, उन्हाळ्यात दर शनिवारी रात्री स्टेडियम भरलेलं. तिथले ड्रायव्हर सोमवारी सकाळी आपापल्या कामावर हजर असतात. टिम ब्राउन यांनी तिथे मॉडिफाइड गाड्यांची 12 अजिंक्यपदं मिळवली आहेत, आणि त्यांचा पगार येतो तो कप मालिकेतल्या एका टीमच्या वर्कशॉपमधून. 2025 च्या फेब्रुवारीत कप मालिकेच्या गाड्या त्या छोट्या ट्रॅकवर आल्या, तेव्हा ब्राउन यांना त्यांच्याच टीमने गाडी दिली. मला विचाराल तर पार्ट-टाइम ड्रायव्हरचं करिअर म्हणतात ते हे. मुलाला एका शनिवारी तिथे घेऊन जा. रेस संपल्यावर पिटमध्ये जाऊन चार ड्रायव्हरना विचारा की तुम्ही आठवडाभर काय करता. माझ्या या पत्रापेक्षा ती उत्तरं जास्त उपयोगी पडतील.

"कॉलेज नंतर होईल" या वाक्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे तुमच्या मुलाकडे अशी सोय आहे जी अमेरिकेतल्या बहुतेक मुलांकडे नाही. तुम्ही कॉनकॉर्डला राहता. कप मालिकेतल्या बहुतेक टीमची वर्कशॉप कॉनकॉर्ड, मूर्सव्हिल, हंटर्सव्हिल या पट्ट्यात आहेत. तुमच्या घरापासून थोड्याच अंतरावर युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिना, शार्लट आहे. तिथे मेकॅनिकल इंजिनिअरिंग करताना मोटरस्पोर्ट्समध्ये विशेष अभ्यास करता येतो, आणि तिथल्या प्रयोगशाळेला ॲलन कुलविकी यांचं नाव आहे. कुलविकी स्वतः इंजिनिअर होते. स्वतःची छोटी टीम चालवत त्यांनी 1992 चं कप अजिंक्यपद अवघ्या 10 गुणांनी जिंकलं. रायन न्यूमन यांनी पर्ड्यू विद्यापीठातून इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि 2008 ची डेटोना 500 जिंकली. राजा करूथ तर तुमच्या मुलाच्या पिढीचा. कॉम्प्युटरवरच्या सिम रेसिंगमधून आला, विन्स्टन-सेलम स्टेट युनिव्हर्सिटीत मोटरस्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकता शिकता रेस करत राहिला, आणि 2024 च्या मार्चमध्ये लास व्हेगासला त्याने नॅस्कारच्या ट्रक मालिकेतली, म्हणजे पिकअप ट्रकच्या रेसमधली, आपली पहिली रेस जिंकली. कॉलेज केल्यामुळे यांच्यापैकी कोणाचंही रेसिंग बुडालं नाही.

तुमच्या मुलाने गेलं वर्षभर लेट मॉडेल चालवली आहे, म्हणजे गॅरेजमध्ये गाडी वजनावर चढवताना त्याने पाहिलीच असेल. चारही चाकांखाली वजनाचे पॅड ठेवतात. उजवं पुढचं आणि डावं मागचं चाक मिळून एकूण वजनाचे किती टक्के, हे बघतात. स्प्रिंगवरचा स्क्रू थोडासा फिरवला की आकडा बदलतो आणि वळणात गाडीचा स्वभावच बदलतो. उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा घेराने किंचित मोठं ठेवतात, म्हणजे गाडी आपोआप डावीकडे वळू बघते. "गाडी बाहेर सरकते" एवढंच सांगणारा ड्रायव्हर आणि "वळणाच्या मधल्या भागात पुढची चाकं धरत नाहीत, बाहेर पडताना मात्र मागची सुटतात" असं नेमकं सांगणारा ड्रायव्हर, यांत क्रू चीफ, म्हणजे टीमचा तांत्रिक प्रमुख, दुसऱ्याला पसंत करतो. हा दुसरा पुढे गाडी नसेल तेव्हाही टीमच्या उपयोगाचा ठरतो. कोणी सिम्युलेटरवर सेटअप तपासतं, कोणी प्रेक्षागृहाच्या छतावर उभं राहून रेडिओवर स्पॉटरचं काम करतं, म्हणजे ड्रायव्हरला आजूबाजूच्या गाड्या कुठे आहेत ते सांगतं, कोणी लहान मुलांना शिकवतं. अनेक पार्ट-टाइम ड्रायव्हर याच कामांवर घर चालवतात, आणि गाडी रिकामी झाली की ती मिळायची शक्यताही रोज वर्कशॉपमध्ये दिसणाऱ्या माणसालाच जास्त असते.

आता टीमने दिलेल्या कराराकडे वळू. मुलगा 18 चा नाही, म्हणजे सही तुम्हा दोघांची. सही करण्याआधी काही गोष्टी लेखी घ्या. पहिली आणि सगळ्यांत महागडी: गाडी आपटली तर दुरुस्तीचे पैसे कोणाचे? पुष्कळ करारांत ते ड्रायव्हरच्या माथी असतात, आणि दुसऱ्याच्या चुकीने भिंतीवर आदळलेल्या गाडीचंही बिल तुमच्याकडे येतं. सहा रेसच्या पैशांत टायर, इंजिनाचं भाडं, सरावाचे दिवस, माणसांचा प्रवास धरलाय का? रेस पावसाने पुढे गेली किंवा टीमने गाडीच आणली नाही तर पैसे परत मिळतात का? सहा रेस कोणत्या ट्रॅकवर? 18 पूर्ण झाल्याशिवाय डेटोना, टॅलाडेगासारख्या मोठ्या ट्रॅकवर उतरता येत नाही, तेव्हा यादीत अशी रेस असेल तर तारीख तपासा. शिवाय गाडीवरची जाहिरातीची जागा कोणाची, हेही विचारा. उद्या मुलाने स्वतः स्पॉन्सर आणला तर ते पैसे तुमच्या रकमेतून वजा व्हायला हवेत. या प्रश्नांना टीम टाळाटाळ करत असेल तर तेच तुमचं उत्तर समजा. करार वकिलाला दाखवा. त्याची फी एका टायरच्या सेटपेक्षा फार जास्त नसेल.

विमा हा विषय कोणालाच आवडत नाही, तरी लिहिते. या खेळात ड्रायव्हर हा कोणाचा नोकर नसतो, तो स्वतंत्र कंत्राटदार असतो. आरोग्य विमा त्याचा त्याने बघायचा. घरच्या पॉलिसीत रेसिंगमधली दुखापत धरली आहे का, ते विमा कंपनीकडून लेखी मागा. 2001 मध्ये डेटोनाला डेल अर्नहार्ट गेले, त्यानंतर मान सांभाळणारं उपकरण सक्तीचं झालं, भिंती मऊ झाल्या, आणि खेळ खूप सुरक्षित झाला. तरीही 2022 मध्ये पोकोनोला पात्रता फेरीत कर्ट बुश यांची गाडी आदळली, डोक्याला मार बसला, आणि 2004 चा हा कप अजिंक्यवीर पुन्हा कप गाडीत बसलाच नाही. ताई, तुमची झोप उडाली असेल ती यामुळेही, आणि ती भीती रास्त आहे. ती मुलाजवळ बोलून दाखवा. डोक्याला मार लागल्यावर लपवायचं नाही, एवढं वचन त्याच्याकडून घ्याच.

(ज्यांची मुलं एच-4 व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून, आहेत त्या वाचकांसाठी: त्या व्हिसावर मुलांना कमाईची परवानगी नसते. बक्षीस किंवा स्पॉन्सरचे पैसे घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.)

यजमानांना एक सांगाल का? मुलाच्या मागे उभं राहायचं त्यांचं मन मला फार मोलाचं वाटतं. आपल्या कितीतरी घरांत हा विषय पहिल्याच दिवशी बंद झाला असता. त्यांनी लेट मॉडेलचा खर्च घरच्या चालू उत्पन्नातून झेपेल तेवढा जरूर करावा. हिकरीसारख्या जुन्या ट्रॅकवर आणखी एक-दोन मोसम नियमित चालवणं मला आर्काच्या सहा विकत घेतलेल्या रेसपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. तिथे त्याच त्याच तरबेज लोकांशी दर आठवड्याला गाठ पडते, आणि टीमवाले बघायला येतात ते असे निकाल.

आता थोडं तुझ्याशी, कारण हे पत्र आई तुला वाचायला देईल.

तू पाच वर्षं टिकलास, तेव्हा हौसेची परीक्षा तू पास झाला आहेस. आता दुसरी परीक्षा आहे. आई-बाबांच्या खिशाबाहेरचा पहिला डॉलर तुला स्वतः आणायचा आहे. गावातला एसी-हीटिंगची कामं करणारा मालक तुला विचारेल, "तुझ्या गाडीवर माझं नाव लावलं तर मला काय मिळेल?" याचं उत्तर "टीव्हीवर दिसाल" हे नाही. त्याच्या दुकानासमोर गाडी उभी करशील का, त्याच्या गिऱ्हाइकांना पिटमध्ये फिरवशील का, त्याच्या माणसांची दुसऱ्या स्पॉन्सरशी गाठ घालून देशील का, हे त्याला ऐकायचं असतं. आणि तुझ्याकडे असं एक दार आहे जे गॅरेजमधल्या दुसऱ्या कोणाकडे नाही. शार्लट परिसरात आपल्या लोकांची हॉटेलं, आयटी कंपन्या, दवाखाने, किराणा दुकानं आहेत, आणि त्यांच्याकडे रेसिंगसाठी आजवर फारसं कोणी गेलेलं नाही. 2010 मध्ये भारताचे रेस ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन ट्रक मालिकेत मोजक्याच रेस चालवून प्रेक्षकांच्या मतांवर त्या वर्षीचे सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरले. मतं द्यायला आपली माणसं होती. त्यांना ट्रॅकपर्यंत आणायचं काम अजून बाकी आहे.

तेव्हा टीमला सरळ सांग: "या वर्षी सहा नाही, एकच रेस, माझ्या स्वतःच्या स्पॉन्सरच्या पैशांनी." ते हो म्हणाले तर तुला खरोखर हवं असलेलं काही मिळालं. नाही म्हणाले तर त्यांना तू हवा होतास की चेक, ते कळेल. आणि इंजिनिअरिंगचा अर्ज मुदतीआधी भर. भरलास की मला कळव, म्हणजे उन्हाळ्यात टीमच्या वर्कशॉपमध्ये इंटर्नशिपसाठी काय लिहायचं ते आपण बसून ठरवू.