पिवळ्या फुलाच्या एका छायाचित्रावरून सोनकी ओळखता येते का?

सप्टेंबरअखेरीस साताऱ्याहून कासकडे जाताना रस्त्याकडेला टिपलेल्या पिवळ्या-केशरी फुलाला मोबाइलमधील ॲप एकदा सोनकी म्हणते आणि दुसऱ्यांदा कॉसमॉस, तर खरे नाव कोणते, असे आपण विचारले आहे. केशरी छटा पाहता मला ते कॉसमॉस वाटते, कारण सोनकी निखळ सोनेरी पिवळी असते. मात्र आपल्या छायाचित्रात पाने चौकटीबाहेर राहिली आहेत आणि निर्णय पानांवरच होतो.

दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील आहेत. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो वास्तविक अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेची फुले पाकळीसारखी पसरतात, मधली नळीसारखी राहतात, आणि त्यामुळे समोरून पाहिल्यास कितीतरी जाती एकसारख्या भासतात. म्हणून मी आधी खोड पाहतो. सोनकीची दातेरी पाने खोडावर एकाआड एक येतात, तर कॉसमॉसची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि झेंडूच्या पानांसारखी खोलवर चिरलेली असतात. बी धरले असेल तर काम आणखी सोपे होते: सोनकीच्या बीला पांढऱ्या मऊ केसांचा झुबका असतो व ते वाऱ्यावर उडते, कॉसमॉसच्या लांब, चोचदार बीच्या टोकाला बहुधा दोन-तीन कुसळे असतात आणि ती कपड्यांना अडकतात.

जुन्या पुस्तकांत सोनकी ‘सेनेसिओ ग्राहमी’ या शास्त्रीय नावाने सापडेल. पण ते नाव त्याआधीच दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेले असल्याचे आढळल्यामुळे आता ‘सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस’ हे नाव मान्य आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसच्या 1753 मधील ग्रंथापासून वनस्पतींच्या नावांचा अग्रक्रम मोजतात, आणि एकच नाव दोन जातींना चालत नाही.

हा काटेकोरपणा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सोनकी सह्याद्रीची मूळ रहिवासी आहे, तर कॉसमॉस मेक्सिकोहून बागांत आले आणि तेथून रस्त्याकडेला पसरले. त्यालाच सोनकी म्हणत राहिलो, तर हा प्रसार वनस्पतींच्या नोंदींत दिसणारच नाही.

पुढच्या वेळी फूल न तोडता संपूर्ण झाड, पान खोडाला जुळते ती जागा, फुलाची मागची बाजू आणि बी अशी चार छायाचित्रे घ्यावीत. त्याच झाडाचे दुसरे छायाचित्र असल्यास जरूर जोडावे. त्यात चिरलेली पाने जोडीने दिसली, तर नोंदीत ‘कॉसमॉस सल्फ्युरियस’ हे शास्त्रीय नाव लिहावे.