वाचकांचे प्रश्न : मुलांचा टीबी आणि मोठ्यांचा टीबी

गेल्या दोन महिन्यांत टीबीविषयी जी पत्रे आली, त्यांपैकी चार येथे निवडली आहेत. ती वेगवेगळ्या गावांहून आलेली असली तरी त्यांच्या मुळाशी एकच गोंधळ दिसतो: जंतू एकच आहे, तर लहानांवर आणि मोठ्यांवर त्याचा परिणाम, त्यावरची लस आणि त्यावरचे औषध यांत इतका फरक का असावा? हा फरक संशोधकांनाही फार उशिरा आणि बराच खर्च करून उमगला, त्यामुळे वाचकांचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 68 असून त्यांना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. शाळेत असताना त्यांना बीसीजी टोचली होती. दंडावरची खूण अजून दिसते. तरीही त्यांना फुफ्फुसाचा टीबी झाला. मग ही लस कुचकामी समजायची का? तसे असेल तर माझ्या नवजात मुलीला ती कशासाठी टोचली? – एक वाचक, संगमनेर

आपल्या मुलीला लस टोचली हे योग्यच झाले, आणि वडिलांना टीबी झाला यात त्या लसीने दगा दिला असेही म्हणता येत नाही. कारण वडिलांच्या वयात होणारा आजार रोखण्याची तिची क्षमता मुळातच फार तोकडी आहे.

फ्रान्समधील काल्मेत आणि गेरँ या शास्त्रज्ञांनी गायींना होणाऱ्या टीबीचा जिवाणू प्रयोगशाळेत 13 वर्षे पुन्हा पुन्हा वाढवून निस्तेज केला, आणि 1921 साली त्यापासून बनवलेली लस प्रथमच एका अर्भकाला दिली. इंग्लंडमध्ये 1950 साली शाळा सोडण्याच्या वयाच्या, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे 54 हजार मुलामुलींवर तिची मोठी चाचणी सुरू झाली. त्यात या लसीने जवळजवळ तीन चतुर्थांश संरक्षण दिल्याचे दिसले, आणि तेवढ्या आधारावर बहुतेकांनी प्रश्न मिटला असे मानले. आपल्याकडे मात्र मद्रासजवळच्या चिंगलपेट जिल्ह्यात 1968 साली सुमारे 2 लाख 60 हजार लोकांवर जी चाचणी सुरू झाली, तिचे निष्कर्ष 1979 च्या सुमारास बाहेर आले तेव्हा सगळेच चक्रावले, कारण फुफ्फुसाच्या टीबीपासून प्रौढांना कोणतेही संरक्षण मिळालेले दिसत नव्हते. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही प्रौढांबाबत तेच चित्र कायम राहिले. मुलांमध्ये संरक्षण 27 टक्के निघाले, पण संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरा आकडा उणे 8 ते अधिक 50 टक्के यांच्या दरम्यान कुठेही असू शकत होता. एवढ्या रुंद पट्ट्यात शून्यही येत असल्याने, लसीचा फायदा झाला असे त्या आकड्यावरून ठामपणे सांगता येत नाही. वर्तमानपत्रात एखाद्या लसीची टक्केवारी वाचताना हा पट्टा किती रुंद आहे हे पाहण्याची सवय वाचकांनी लावून घ्यावी, असे मला नेहमी वाटते. दुर्दैवाने बातमीत तो बहुधा छापलाच जात नाही.

इंग्लंडमध्ये चालले ते चिंगलपेटला का चालले नाही, याची अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. उष्ण प्रदेशातील माती आणि पाणी यांत टीबीच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद मोठ्या संख्येने असतात आणि लहानपणापासून त्यांचा संसर्ग झालेल्या शरीरात बीसीजीला वेगळे काही करून दाखवायला वाव उरत नाही, हे त्यांतले सर्वाधिक मान्य झालेले स्पष्टीकरण आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. चिंगलपेटच्या चाचणीत तान्ही मुले अगदी थोडी होती, त्यामुळे त्यांना होणाऱ्या सर्वांत घातक टीबीविषयी, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या टीबीविषयी आणि रक्तावाटे सर्व अंगभर पसरणाऱ्या टीबीविषयी, ती चाचणी काहीच सांगू शकत नव्हती. हे उत्तर अन्य अभ्यासांतून मिळाले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात या दोन प्रकारांविरुद्ध बीसीजीचे संरक्षण अनुक्रमे सुमारे 73 आणि 77 टक्के आढळले. पुढे 2022 साली, टीबी रुग्णांच्या घरातील व निकटच्या संपर्कातील सुमारे 70 हजार व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा पाच वर्षांखालील मुलांना एकूण टीबीपासून 37 टक्के संरक्षण मिळाल्याचे आणि प्रौढांना ते मिळत नसल्याचे दिसून आले.

आपल्या वडिलांच्या बाबतीत संसर्ग कदाचित कित्येक वर्षांपूर्वी झाला असेल आणि जंतू शरीरात निपचित पडून राहिले असतील. मधुमेहामुळे टीबी होण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो, म्हणून त्यांची रक्तशर्करा आटोक्यात ठेवणे हा आता टीबीच्या उपचाराचाच भाग समजावा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना टीबी असून त्यांचे औषध सुरू झाले आहे. माझी तीन वर्षांची मुलगी धडधाकट आहे, तिला ना खोकला आहे ना ताप. तरीही सरकारी दवाखान्यातून तिला औषध देण्यास सांगितले आहे आणि आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. आजार नसताना लहान मुलीला औषध का द्यावे? आणि आजार नाहीच, हे थुंकी तपासून का पाहत नाहीत? – एक वाचक, रत्नागिरी

औषध द्यावे. यात माझ्या मनात किंचितही शंका नाही.

टीबीवर औषधे नव्हती त्या काळातील नोंदींवरून असे दिसते, की संसर्ग झालेल्या प्रौढाला आयुष्यभरात प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता 5 ते 10 टक्के असते; उलट वर्षाच्या आतल्या बाळाला संसर्ग झाला तर फुफ्फुसाचा टीबी होण्याची शक्यता 30 ते 40 टक्के, आणि मेंदूचा किंवा अंगभर पसरणारा टीबी होण्याची शक्यता आणखी 10 ते 20 टक्के असते. वय वाढते तसा हा धोका झपाट्याने कमी होतो आणि पाच ते दहा या वयात तो सर्वांत कमी असतो. तीन वर्षांची मुलगी अजून त्या सुरक्षित वयात पोचलेली नाही. शिवाय लहान मुलांत संसर्ग आणि आजार यांच्यामध्ये काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचेच अंतर असू शकते, त्यामुळे लक्षणे दिसेपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही.

थुंकीबद्दलचा आपला प्रश्न मोलाचा आहे. या वयाची मुले बेडका बाहेर काढत नाहीत, ती तो गिळतात. शिवाय मुलांच्या फुफ्फुसात मोठ्यांसारखी जंतूंनी भरलेली पोकळी सहसा तयार होत नाही. आजार छातीतील लसिकाग्रंथींतच, म्हणजे शरीराच्या संरक्षक गाठींतच असतो आणि जंतू मोजकेच असतात, म्हणून नमुना मिळाला तरी त्यात ते सापडतीलच असे नाही. यासाठी पूर्वीपासून सकाळी उपाशीपोटी नळीने जठरातील द्रव काढून तपासला जातो, जे मुलांना आणि त्यांच्या आयांना फारच त्रासाचे होते. गिळलेला बेडका शेवटी शौचातून बाहेर पडतो, या साध्या विचारातून शौचाचा नमुना जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्रावर तपासण्याची पद्धत पुढे आली आणि जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. अशाच प्रकारची तपासणी छोट्या, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावर करणारी ट्रूनॅट ही प्रणाली गोव्यात तयार होते आणि ग्रामीण भागातील अनेक दवाखान्यांत पोचली आहे. तथापि कोणतीही तपासणी नकारात्मक आली म्हणून मुलीला टीबी नाहीच असे ठरत नाही. डॉक्टर तिचे वजन, छातीचा एक्स-रे आणि घरातील संपर्क यांचा एकत्र विचार करून आजार नसल्याची खात्री करतात आणि मगच प्रतिबंधक औषध देतात.

भारतात पूर्वी हे औषध प्रामुख्याने पाच वर्षांखालील संपर्कातील मुलांना दिले जाई. 2021 पासून घरातील सर्व वयांच्या व्यक्तींना, त्यांना टीबी नसल्याचे तपासून, ते देण्याचे धोरण आहे. तेव्हा आशाताई आपल्याबद्दलही विचारतील.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या भाच्याला मानेतील गाठीचा टीबी झाला असून डॉक्टरांनी चार महिन्यांचे औषध पुरेल असे सांगितले. माझ्या थोरल्या भावाला मात्र त्याच औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स दिला. शिवाय वजनाच्या मानाने पाहिले तर भाच्याचा डोस भावापेक्षा जास्त वाटतो. यात काही चूक तर नाही ना? – एक शिक्षिका, नागपूर

चूक नाही, आपण हिशेब मात्र बारकाईने केला आहे.

आधी डोसविषयी. अनेक दशके मुलांना टीबीची औषधे मोठ्यांच्याच प्रमाणात, फक्त वजनाला भागून दिली जात. प्रत्यक्षात लहान मुलांचे यकृत ही औषधे अधिक वेगाने निकामी करते, त्यामुळे तेवढ्या डोसने रक्तातील औषधाची पातळी अपुरी राहत होती. रक्त तपासून हे दाखवणारे अभ्यास पुढे आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये मुलांचे प्रमाण वाढवले. आयसोनियाझिड हे टीबीवरचे एक मुख्य औषध मोठ्यांना दर किलो वजनामागे सुमारे 5 मिलिग्रॅम, तर मुलांना सुमारे 10 मिलिग्रॅम दिले जाते. त्या प्रमाणाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या आणि फळांच्या चवीच्या एकत्रित गोळ्या बाजारात यायला 2015 चा डिसेंबर उजाडला. तोपर्यंत जगभरच्या आया मोठ्यांच्या गोळ्या तोडून, कुटून मुलांना पाजत होत्या. मुलांसाठी औषध बनवणे फायद्याचे नसते, हे या दिरंगाईचे एक कारण होते. ते मला आजही लाजिरवाणे वाटते.

आता मुदतीविषयी. मोठ्यांच्या फुफ्फुसात जंतूंची संख्या प्रचंड असते आणि त्यांतले काही निपचित राहून औषधाला चकवतात, म्हणून नेहमीच्या औषधांना सहा महिने लागतात. मुदत चार महिन्यांवर आणण्यासाठी नव्या औषधांची भर घालून केलेल्या तीन मोठ्या चाचण्या 2014 साली अपयशी ठरल्या, कारण लवकर थांबवलेल्या रुग्णांमध्ये आजार अधिक प्रमाणात उलटला. अखेर रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही औषधे असलेला चार महिन्यांचा उपचार 2021 मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांत यशस्वी ठरला. पण ती औषधयोजना वेगळी आहे, आपल्या भावाची नव्हे.

मुलांचा प्रश्न स्वतंत्रपणे तपासला तो ‘शाइन’ नावाच्या चाचणीने. युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत येथील 1,204 मुले तीत होती आणि भारतातील केंद्रांमध्ये चेन्नईबरोबर पुण्याचाही समावेश होता. सर्व मुले सोळा वर्षांखालील होती आणि त्यांचा टीबी सौम्य होता: थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत जंतू न दिसलेला, लसिकाग्रंथींपुरता किंवा फुफ्फुसाच्या लहान भागापुरता मर्यादित, पोकळी नसलेला. निम्म्यांना नेहमीची औषधे चार महिने आणि निम्म्यांना सहा महिने दिली. दोन्ही गटांत उपचार अपयशी ठरण्याचे, आजार उलटण्याचे किंवा मृत्यूचे एकत्रित प्रमाण सुमारे 3 टक्केच राहिले. हे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सौम्य टीबी असलेल्या मुलांसाठी चार महिन्यांची शिफारस केली. यात ‘सौम्य’ हा शब्द डॉक्टरांनी तपासून ठरवायचा आहे. ज्या मुलाच्या फुफ्फुसात पोकळी आहे किंवा ज्याला मेंदूचा टीबी आहे, त्याला ही सूट लागू नाही, आणि कोणत्याही घरी मनाने औषध थांबवू नये.

प्रश्न : माझ्या पतीला टीबी झाल्यापासून सासरच्यांनी त्यांचे ताट-वाटी वेगळी केली आहे आणि त्यांना गावाबाहेरच्या खोलीत ठेवावे असे म्हणतात. औषधापेक्षा हवापाणी आणि दूध-तूप महत्त्वाचे, असाही आग्रह आहे. यात तथ्य किती? – एक वाचक, ठाणे

टीबी भांड्यांतून पसरत नाही. तो रुग्णाच्या खोकल्यातून हवेत उडणाऱ्या सूक्ष्म कणांतून पसरतो. ताट वेगळे केल्याने रुग्णाच्या मनाला दुखापत होते, घरच्यांचे संरक्षण मात्र होत नाही. खिडक्या उघड्या ठेवणे, खोकताना तोंडावर रुमाल धरणे आणि औषध न चुकवणे यांचा खरा उपयोग होतो. योग्य औषध सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्ग पसरवण्याची क्षमता झपाट्याने घटते.

रुग्णाला घराबाहेर काढण्याविषयी तर मद्रास येथेच 1956 साली अभ्यास सुरू झाला होता. सुमारे दोनशे रुग्णांपैकी निम्म्यांना आरोग्यधामात (सॅनेटोरियममध्ये) आणि निम्म्यांना त्यांच्या गर्दीच्या, गरिबीच्या घरात ठेवून दोघांनाही एक वर्ष सारखीच औषधे दिली. आरोग्यधामातील रुग्णांना विश्रांती आणि सकस आहार मिळत होता, तरी बरे होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. आणि घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबियांत टीबीचे प्रमाणही अधिक आढळले नाही. 1959 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यानंतर जगभरची आरोग्यधामे हळूहळू ओस पडू लागली.

यावरून आहाराला काहीच किंमत नाही असा अर्थ काढला गेला, तो मात्र घाईचा होता. झारखंडमधील चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने केलेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीत सर्व रुग्णांना धान्य दिले गेले, पण निम्म्या कुटुंबांत रुग्णाच्या जोडीने घरातील इतरांनाही दरमहा तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वे दिली. दहा हजारांहून अधिक कुटुंबियांच्या पाठपुराव्यात, ज्यांना हे अन्न मिळाले त्यांच्यात टीबीचे नवे रुग्ण 39 टक्क्यांनी कमी झाले. आपल्या सासरच्यांचा दूध-तुपाचा आग्रह औषधाच्या जागी असेल तर तो घातक आहे. औषधाच्या जोडीला असेल, आणि ती वाटी घरातील मुलांच्या व सुनांच्या ताटातही पडणार असेल, तर त्याला माझा पाठिंबा आहे. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या बँक खात्यात उपचारकाळात दरमहा 1,000 रुपये जमा होतात. ते अद्याप सुरू झाले नसतील तर जवळच्या आरोग्य केंद्रात आधार आणि पासबुक घेऊन जावे.